परात निपटावी तशी गाडी: क्ले बार आणि ल्युब वापरायची रीत

कणीक मळून झाली की परातीला चिकटलेलं पीठ आई त्याच गोळ्यानं निपटून घेते. गोळा हलकेच टेकवत फिरवायचा, कण गोळ्यात शिरतात, परात लख्ख. क्ले बार, म्हणजे कणकेसारखी मळता येणारी एक वडी, गाडीच्या रंगावर नेमकं हेच करतो. ज्यांचं क्लेचं काम बिघडतं, त्यातले बहुतेक जण परात निपटायच्या ऐवजी घासत असतात. मीही घासली होती. ते पुढे येईलच.

मी ठाण्यात मानपाड्याला राहतो आणि नोकरी महापे एमआयडीसीत. म्हणजे रोज घोडबंदर रोड, कळवा, मग ठाणे-बेलापूर रस्ता. मेट्रो चारच्या कामानं घोडबंदरवर सिमेंटची धूळ, पुढे कारखाने आणि ट्रकचा धूर, शेजारी खाडीची खारी हवा. बायकोची पांढरी हॅचबॅक दिवसभर ऐरोलीला रेल्वेच्या रुळांजवळ उभी असते. दोन वर्षांत तिच्या दारांवर आणि डिकीवर बारीक नारिंगी ठिपके उठले. आधी वाटलं पत्रा गंजला. पत्र्याला काही झालं नव्हतं. रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात, गरम असतानाच रंगावर बसतात आणि मग दमट हवेत तिथेच गंजतात. आपल्या स्वतःच्या ब्रेकमधूनही असेच कण उडतात. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे ज्यांची ये-जा आहे, त्यांनी तर आपली गाडी एकदा उन्हात नीट जवळून बघावी.

हे कण शॅम्पूनं निघत नाहीत. शॅम्पू वरची सुटी धूळ नेतो. रुतलेला कण, झाडाचा चीक, स्प्रे पेंटचा तुषार, डांबराचा ठिपका जिथल्या तिथे राहतो.

तुमच्या गाडीला क्ले लागतो की नाही, हे कळायला पैसे पडत नाहीत. गाडी धुवून कोरडी करा. दुधाची किंवा भाजीची पातळ प्लास्टिक पिशवी हातात मोज्यासारखी घाला आणि बोटांची टोकं बॉनेटवरून, छतावरून हलके फिरवा. पिशवीमुळे बोटांना बारीकसारीक उंचवटे जास्त जाणवतात. काचेवर हात फिरल्यासारखं लागलं तर क्ले घरात असला तरी हात लावू नका. रव्यावरून हात फिरल्यासारखी खरखर लागली तर वाचत राहा. दारांच्या खालच्या भागात आणि डिकीच्या मागच्या उभ्या पत्र्यावर ही चाचणी हमखास करा, कारण चाकांनी उडवलेलं सगळं तिथे जमतं.

क्लेकडून काय मागायचं नाही, हेही आधीच सांगतो. रंगाच्या वर बसलेलं तो उचलतो, रंगाच्या आत गेलेलं त्याच्या हाती लागत नाही. उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे पॉलिशनंच जातात. पक्ष्याची किंवा वटवाघळाची विष्ठा आठवडाभर राहून रंग खाऊन गेली असेल तर तो डाग क्लेनं जात नाही. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन, कापडानं मिनिटभर ठेवून लगेच भरपूर पाण्यानं धुतल्यास बरेचसे सुटतात. जुने रुतलेले डाग तसेच राहतात. आणि बांधकामाखाली उभ्या गाडीवर पडलेले सिमेंटचे शिंतोडे क्लेनं कधीही काढू नका. त्यात वाळू असते. तो कण सुटला आणि क्लेखाली फिरला, की तुम्ही सँडपेपर चालवताय असंच समजा. त्यासाठी सिमेंट विरघळवणारी वेगळी द्रावणं मिळतात.

आणखी काही ठिकाणी थांबायचं. मॅट, म्हणजे बिनचकाकीचा रंग किंवा मॅट रॅप, म्हणजे पत्र्यावर चढवलेली फिल्म असेल तर क्ले नको, चकाकीचे पट्टे पडतील. नुकताच रंगकाम झालेला पॅनेल असेल तर रंगवाल्याला विचारून निदान महिनाभर जाऊ द्या. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर मुद्दाम चढवलेला कडक संरक्षक थर असेल तर कोटिंग करणाऱ्याला विचारल्याशिवाय सुरू करू नका, क्लेनं ते झिजतं. वॅक्सचा संरक्षक थर तर बहुतेक निघतोच, तेव्हा वॅक्स शेवटी परत लावायची तयारी ठेवूनच बसायचं.

सामान

क्ले म्हणजे नदीकाठची माती नव्हे. पॉलिब्युटीनसारखं लवचिक रेझिन आणि त्यात कालवलेली अत्यंत बारीक घासणारी भुकटी. गाडीच्या कारखान्यात आणि गॅरेजमध्ये रंगावरचे तुषार काढायला ही युक्ती आधी जपानमध्ये वापरात आली. तादाओ कोडाते या जपानी संशोधकाला तिचं अमेरिकी पेटंट १९९५ साली मिळालं. त्यातली ती भुकटी लक्षात ठेवा. क्ले कितीही मऊ लागला तरी तो घासणारा पदार्थ आहे.

दुकानात तो बारीक, मध्यम आणि जाड अशा प्रतीत मिळतो. रंगावरून प्रत ओळखायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. घरगुती कामाला बारीकच घ्या. जाड क्लेनं काम लवकर होतं आणि मागे धुरकट पट्टे राहतात, मग पॉलिश मशीन शोधत फिरावं लागतं. १०० ग्रॅमची एक वडी मध्यम गाडीला दोन-तीन वेळा पुरते.

हल्ली क्लेचे हातमोजे आणि टॉवेलही मिळतात. एका बाजूला रबरी थर असतो. हातातून पडला तर धुवून परत वापरता येतो, काम निम्म्या वेळात उरकतं. नवा मोजा आधी ओल्या विंडशील्डवर चार-सहा वेळा फिरवून त्याचा थर जरा मोडून घ्यावा लागतो. माझा कल अजून वडीकडेच आहे. बोटांखाली काय चाललंय ते वडीतून जितकं कळतं तितकं मोज्यातून कळत नाही. मोठी एसयूव्ही असेल तर मात्र मोजा घ्या, मी हसणार नाही.

आता ल्युब, म्हणजे पत्रा निसरडा करणारं द्रावण. सगळा खेळ इथे आहे आणि लोक कंजुषी करतात तीही इथेच. क्ले आणि रंग यांच्यात निसरडा थर हवा. तो असेल तर क्ले कणावर अडकतो आणि रंगावरून घसरतो. तो नसेल तर क्ले रंगालाच चिकटतो, ओढला की खेचतो, आणि क्लिअरकोटवर धुरकट रेघा मारतो. क्लिअरकोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस त्याहून जाड असतो. चुका करायला जागा किती आहे ते यावरून समजा.

नुसतं पाणी ल्युब नाही. भांडी घासायचं लिक्विड फेसाळ असतं पण आपल्या हवेत क्षणात सुकतं, तेही नको. सर्वांत निर्धास्त म्हणजे क्लेसाठीचं तयार ल्युब किंवा क्विक डिटेलर, म्हणजे गाडी वरचेवर पुसायला मिळणारा स्प्रे. रिन्सलेस वॉशचं, म्हणजे नंतर पाण्यानं खंगाळावं न लागणाऱ्या धुण्याचं द्रावण बाटलीवर दिलेल्या क्लेच्या प्रमाणात पातळ केलं तर स्वस्त पडतं, मी तेच वापरतो. कार शॅम्पू पाण्यात घट्टसर मिसळूनही अनेक जण काम करतात, पण काही क्ले साबणात भिजून चुरमुऱ्यासारखे सुटतात. तसं दिसलं तर तिथेच थांबा. माझ्या सेडानला एका बैठकीत अर्धा लिटर तरी ल्युब जातं. बाटली संपत आली की हात आपोआप आखडतो, म्हणून सुरुवातीलाच दोन बाटल्या भरून ठेवतो.

याशिवाय दोन बादल्या, वॉश मिट (धुवायचा मऊ हातमोजा), कार शॅम्पू, आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण), थोडा टार रिमूव्हर (डांबर काढणारा), चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर कापडं आणि एक टॉर्च. मोबाइलचा टॉर्चही चालेल.

कधी आणि कुठे

पत्रा हाताला गार लागला पाहिजे. ऑक्टोबरच्या उन्हात उभ्या गाडीवर ल्युब फवारलं की ते दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत सुकतं, क्लेही वितळल्यासारखा मऊ होऊन चिकटतो. इमारतीखालचं स्टिल्ट किंवा पोडियम पार्किंग असेल तर सोन्याहून पिवळं. उघड्यावर गाडी असेल तर सकाळी साडेसहाला सुरू करा आणि ऊन चढायच्या आत बॉनेट-छत उरका, दारं सावलीच्या बाजूची आधी घ्या. मी वर्षातून दोनदा करतो: पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, आणि मेच्या अखेरीस, पावसाआधी वॅक्स लावण्यापूर्वी. दसऱ्याआधी का, तर हळदकुंकू आणि झेंडूच्या हाराचे डाग गुळगुळीत, वॅक्स केलेल्या बॉनेटवरून दुसऱ्या दिवशी सहज पुसले जातात. खरखरीत बॉनेटवर कुंकू कणाकणात शिरून बसतं.

सोसायटीत पाइपनं गाडी धुवायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. अडचण नाही. सगळं काम बादल्यांनीच होतं.

आधीची कामं

पहिलं, गाडी धुणं. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट शॅम्पूत बुडवा, एक पॅनेल धुवा, साध्या पाण्यात खळबळून मगच परत शॅम्पूत. वरून खाली. एकही सुटा वाळूचा कण मागे राहिला तर पुढे तो क्लेखाली येणार आहे.

दुसरं, आयर्न रिमूव्हर. ही पायरी लोक वगळतात आणि माझ्या मते क्लेपेक्षाही तीच महत्त्वाची. ओल्या, गार पॅनेलवर फवारायचं आणि बघत उभं राहायचं. दोनेक मिनिटांत लोखंडाच्या प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळं पाणी सुटतं. बायकोच्या पांढऱ्या गाडीवर पहिल्यांदा फवारलं तेव्हा दारावरून जांभळे ओघळ इतके वाहिले की शेजारचे काका थांबून म्हणाले, “अहो, गाडीला मार बसलाय का?” या द्रावणात बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, तेच ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधात असतं, आणि वास तसाच कुजकट. हातमोजे घाला, बंद बेसमेंटमध्ये करू नका, पत्र्यावर सुकू देऊ नका. बाटलीवर लिहिलेली वेळ झाली की भरपूर पाण्यानं धुवा. जितकं लोखंड औषधानं विरघळेल, तितकं क्लेला कमी ओढावं लागेल आणि रंगावर तितकाच कमी ताण.

तिसरं, डांबर. दारांच्या खालच्या कडेला काळे ठिपके असतील तर टार रिमूव्हर कापडावर घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट टेकवा, मग पुसा. रॉकेलनं पुसणारे खूप आहेत, मीही पूर्वी पुसायचो. पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ चिकटते.

यानंतर गाडी परत एकदा शॅम्पूनं धुवून घ्या. पुसून कोरडी करायची गरज नाही.

क्ले फिरवणं

वडीचे तीन-चार तुकडे करा आणि एकच घ्या. बाकीचे डबीत बंद. का, तर पडलेला तुकडा फेकावा लागतो आणि अख्खी वडी फेकताना जीव तुटतो. तुकडा हातात मळून मऊ करा, तीन बोटांखाली मावेल अशी चपटी टिकली करा. आपल्याकडे थंडीत क्ले कडक झाल्याची तक्रार क्वचितच येते. उलट मेमध्ये तो लिबलिबीत होतो, तेव्हा पाच मिनिटं गार पाण्यात ठेवा.

सुरुवात छतापासून. एका वेळी जेमतेम दोन फूट लांब-रुंद चौकोन. त्यावर ल्युब फवारा, पाणी ओघळेल इतकं. टिकलीच्या खालच्या अंगालाही एक फवारा मारा. आता टिकली पत्र्यावर ठेवा आणि बोटं नुसती तिच्यावर टेकवा. दाबायचं नाही. पापड लाटताना शेवटी लाटणं जितक्या हलक्या हातानं फिरतं तितकाच जोर. सरळ रेषेत पुढे-मागे, गाडीच्या लांबीच्या दिशेनं. गोल गोल फिरवू नका. चुकून रेघ पडलीच तर सरळ रेघ पॉलिशला लवकर जाते आणि डोळ्यालाही कमी टोचते.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांत क्ले अडखळेल, किंचित घसघस आवाजही येईल. हा आवाज मन लावून ऐका. कण निघत गेले की आवाज थांबतो आणि टिकली तेलावरून घसरल्यासारखी पळते. आवाज गेला म्हणजे त्या चौकोनाचं काम झालं. पुढे घासत बसणं म्हणजे क्लिअरकोट फुकट झिजवणं. टिकली अडकतेय असं वाटलं तर पहिला उपाय आणखी ल्युब, दुसरा उपायही आणखी ल्युब. जोर हा उपाय नाही.

मायक्रोफायबरनं चौकोन टिपून घ्या, पिशवी चढवून बोटं फिरवा. खरखर उरली असेल तर आणखी एक फेरी. एखादा हट्टी ठिपका दोन फेऱ्यांत नाही गेला तर त्याला सोडा, परत आयर्न रिमूव्हर किंवा टार रिमूव्हर लावून बघा.

दर चौकोनानंतर टिकली उलटून बघा. राखाडी, तपकिरी, मधूनच काळे ठिपके दिसतील. घाण बाजू आत दुमडा, मळा, नवी बाजू वर आणा. जिथे मळूनही स्वच्छ बाजू सापडत नाही तिथे तो तुकडा संपला.

क्रम असा ठेवतो: छत, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, फेंडर. सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग आणि बंपर, आणि तेही वेगळ्या तुकड्यानं. खालचा भाग घेतलेला तुकडा परत बॉनेटवर न्यायचा नाही. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आणि रबरावर क्ले लावू नका, पांढरट ठसे उमटतात आणि निघता निघत नाहीत. विंडशील्डवर मात्र जरूर फिरवा. वायपर फटफट करत उडत असेल तर बऱ्याचदा काचेवरचाच थर त्याला कारण असतो.

आता माझी फजिती. पहिल्यांदा क्ले आणला तेव्हा गाडी काळी, वेळ दुपारी साडेबारा आणि ल्युबच्या जागी बादलीतलं पाणी. बॉनेटच्या मधोमध टिकली अडकली, मी दाबून ओढली, तिचा निम्मा भाग पत्र्यालाच चिकटून राहिला. तो नखानं काढला. मग उरलेला तुकडा हातातून निसटून पार्किंगच्या फरशीवर पडला. उचलला, पाण्याखाली धरला, स्वच्छ दिसला, परत लावला. संध्याकाळी सोसायटीचे दिवे लागले तेव्हा बॉनेटवर तळहाताएवढ्या जागेत उभ्या रेघांचा पट्टा दिसला. चिकटलेला क्ले खरं तर भरपूर ल्युब मारून त्याच क्लेच्या गोळ्यानं टिपून निघतो. आणि पडलेल्या क्लेत वाळू रुतून बसते, ती धुवून जात नाही. तुकडा पडला, की कचऱ्यात. त्या पट्ट्याला नंतर मशीन पॉलिशचे पैसे मोजले ते क्लेच्या वडीपेक्षा कितीतरी जास्त होते.

क्लेनंतर

गाडीवर ल्युबचा थर राहिलेला असतो. एक बादली शॅम्पू, एक बादली पाणी, आणि मायक्रोफायबरनं टिपून कोरडी करा. टिपून म्हणतोय, पुसून नाही.

मग टॉर्च तिरपा धरून बघा. काळ्या, गडद निळ्या, गडद लाल गाडीवर काही ना काही बारीक रेघा दिसतीलच, क्ले कितीही हलका चालवला तरी. पांढऱ्या-चंदेरी गाडीवर त्या डोळ्याला जाणवत नाहीत. गडद गाडी असेल तर हातानं का होईना, बारीक फिनिशिंग पॉलिश करायची तयारी ठेवा; पांढरी असेल तर ही पायरी सोडली तरी चालतं.

वॅक्स किंवा सीलंट (वॅक्सच्या जागी लावायचा कृत्रिम संरक्षक थर) मात्र त्याच दिवशी. आता रंग उघडा आहे, वर फारसं काहीच नाही. पातळ थर, एका वेळी एक पॅनेल, डबीवर लिहिलं तेवढं सुकू द्या, मग कोरड्या मायक्रोफायबरनं उतरवा. जाड थरानं जास्त संरक्षण मिळत नाही, उतरवताना फक्त खांदे दुखतात.

एकट्यानं पूर्ण सेडान, धुण्यापासून वॅक्सपर्यंत, मला पाच तास लागतात. दोन रविवारांत विभागायचं असेल तर धुणं, आयर्न रिमूव्हर, क्ले आणि वॅक्स हे सगळं अर्ध्या गाडीवर एका रविवारी आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्या रविवारी करा. अख्ख्या गाडीला क्ले करून आठवडाभर वॅक्सशिवाय घोडबंदरवर नेऊ नका.

उरलेला क्ले ल्युबचा एक फवारा मारून त्याच्या प्लास्टिक डबीत बंद करा आणि घरात ठेवा. गाडीच्या डिकीत ठेवलात तर मेमध्ये त्याचा पाक झालेला सापडेल. राखाडी पडलेले तुकडे मी वेगळ्या डबीत ठेवतो, त्यावर मोठ्या अक्षरात ‘चाकं’ असं लिहिलंय. अलॉय व्हीलच्या आतल्या अंगाला ब्रेकची काळी भुकटी इतकी घट्ट बसलेली असते की तिथे जुना क्लेही कामाला येतो. तिथे एकदा वापरला की मात्र थेट कचऱ्यात.

आमच्या सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणारे भाऊ येतात. एकाच बादलीत, एकाच फडक्यानं तीस गाड्या. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांनाही साडेआठच्या आत सगळं उरकायचं असतं. मी त्यांना माझ्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर वेगळे दिलेत आणि एवढंच सांगितलंय, “भाऊ, कोरडी पुसू नका. पाणी नसेल त्या दिवशी राहू दे तशीच.” धुळीनं माखलेली गाडी घेऊन ऑफिसला गेलो की वॉचमन विचारतो, साहेब, गाडी धुतली नाही का आज. नाही म्हणून सांगतो.